एक व्हिसा, चार शहरे

नाताळच्या सुटीत युरोपातील चार-पाच शहरे एका दमात पाहून येण्याचा बेत आता मराठी मध्यमवर्गीय घरांतही आखला जातो. हा बेत ज्या मोकळ्या सीमांच्या भरवशावर उभा असतो, त्या सीमा गेल्या दहा वर्षांत पुन्हा आखडू लागल्या आहेत. सहलीचा तक्ता मांडण्यापूर्वी हा बदल समजून घेतला, तर पैसा वाचेल आणि मनस्तापही.

युरोपच्या सहलीची जाहिरात वाचताना आपली नजर आधी आकड्यांवर जाते. दिवस किती, देश किती, शहरे किती. दिवस कमी आणि देश जास्त असतील तर सौदा फायद्याचा, असा एक हिशेब आपल्या मनात पक्का बसला आहे. सकाळची न्याहारी एका देशात, दुपारचे जेवण दुसऱ्यात आणि रात्रीचा मुक्काम तिसऱ्यात, हे जाहिरातीत वाचताना त्यात काही नवल आहे असेही आता वाटत नाही. वास्तविक नवल तिथेच आहे. आपल्या उपखंडात शेजारच्या देशात जायचे म्हटले की परवानग्यांची आणि चौकशीची केवढी यातायात होते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग ज्या खंडाने विसाव्या शतकात दोन महायुद्धे एकमेकांशी लढून पाहिली, त्या खंडात मुंबई-पुण्याचे एक कुटुंब एकाच व्हिसावर, एकदाच पासपोर्ट दाखवून चार राजधान्या कशी काय फिरू शकते?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण असे की, या सोयीचे उत्तर पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. सहल आखणाऱ्या गृहिणीला, रजेचा अर्ज लिहिणाऱ्या नोकरदाराला आणि मुलांच्या शाळेच्या तारखा जुळवणाऱ्या आजोबांनाही युरोपच्या राजकारणाशी थोडा परिचय करून घ्यावा लागणार आहे.

शेंगेन नावाचे खेडे

लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी या तीन देशांच्या सीमा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचे एक छोटे गाव आहे. १४ जून १९८५ रोजी या गावाजवळ नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांच्या प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या. आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची, एवढेच त्यात ठरले होते. प्रत्यक्षात ती बंद व्हायला २६ मार्च १९९५ उजाडला. पुढे एकेक देश येत गेला आणि आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ साली आला, तर बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले.

या यादीत कोण नाही, हेही सहल आखणाऱ्याने पाहून ठेवावे. ब्रिटन आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत. त्यामुळे 'जातोच आहोत तर लंडनही करून येऊ' असे म्हणणाऱ्याला ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, त्याची वेगळी फी भरावी लागते आणि वेगळी वाट पाहावी लागते. दहा-बारा दिवसांच्या सहलीत हे दोन व्हिसे एकत्र बसवणे खर्चाचे तर असतेच, पण जोखमीचेही असते.

चार शहरे

हिवाळ्यातील सहलीसाठी एक उदाहरण घेऊन बोलू. प्राग, व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा आणि बुडापेस्ट ही चार शहरे. पहिले चेक प्रजासत्ताकाची राजधानी, दुसरे ऑस्ट्रियाची, तिसरे स्लोव्हाकियाची आणि चौथे हंगेरीची. प्रागहून व्हिएन्ना रेल्वेने चार तासांच्या आसपास. व्हिएन्नाहून ब्राटिस्लाव्हा तर साठ किलोमीटरच्या आत. गाडीने सुमारे एक तास. तिथून बुडापेस्ट अडीच तासांच्या आसपास. म्हणजे मुंबई-पुणे-कोल्हापूर असा प्रवास करणाऱ्या माणसाला ही अंतरे काहीच वाटू नयेत. प्राग व्ल्टाव्हा नदीवर वसले आहे. बाकीची तिन्ही शहरे डॅन्यूबच्या काठी आहेत.

मात्र ही अंतरे नेहमी इतकी लहान नव्हती. १९८९ पर्यंत व्हिएन्ना पोलादी पडद्याच्या अलीकडे होते आणि बाकीची तिन्ही शहरे पलीकडे. ब्राटिस्लाव्हातील माणसाला टेकडीवरून ऑस्ट्रिया दिसत असे, पण तिथे जाता येत नसे. २७ जून १९८९ रोजी हंगेरी आणि ऑस्ट्रिया यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सीमेवरची काटेरी तार कापली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला हंगेरीतील शोप्रोन गावाजवळ भरलेल्या एका 'सीमेवरच्या वनभोजना'च्या वेळी पूर्व जर्मनीचे सहाशेहून अधिक नागरिक उघडलेल्या फाटकातून ऑस्ट्रियात निघून गेले. नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली. आणि १० डिसेंबर १९८९ या दिवशी ब्राटिस्लाव्हातील हजारो माणसे ऑस्ट्रियातील हाइनबुर्ग गावापर्यंत चालत गेली, केवळ चालत जाता येते म्हणून.

चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी यांच्या भूसीमांवरील तपासणी संपली ती २१ डिसेंबर २००७ रोजी, नाताळच्या चार दिवस आधी. आपण आज सहलीच्या तक्त्यात 'व्हिएन्ना–ब्राटिस्लाव्हा, एक तास' असे लिहितो, त्या एका तासामागे एवढा इतिहास उभा आहे.

सीमा परत येते आहे

या कहाणीला २०१५ साली वळण लागले. सीरिया आणि इतर देशांतील युद्धांतून निघालेले निर्वासित त्या वर्षी मोठ्या संख्येने हंगेरीत पोचले. बुडापेस्टच्या केलेती स्थानकावर त्यांना गाड्यांत चढू दिले जाईना, तेव्हा ४ सप्टेंबर २०१५ रोजी हजारो लोक महामार्गावरून ऑस्ट्रियाच्या दिशेने पायी चालू लागले. ब्राटिस्लाव्हाहून निघालेली आपली गाडी ज्या स्थानकांवर पोचू शकते, त्यांपैकीच हे एक प्रमुख स्थानक. त्याच महिन्यात जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियानेही हंगेरी आणि स्लोव्हेनियाच्या सीमांवर ती सुरू केली आणि तेव्हापासून दर काही महिन्यांनी तिची मुदत वाढवली. नोव्हेंबर २०१५ मधील पॅरिसच्या हल्ल्यांनंतर फ्रान्सने हाच मार्ग धरला.

शेंगेनच्या नियमांत अशी तपासणी 'तात्पुरती' आणि 'अखेरचा उपाय' म्हणून करण्याची मुभा आहे. पण तात्पुरत्या गोष्टी किती दीर्घायुषी असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २०२० साली कोरोनाच्या साथीत तर सीमा अक्षरशः बंद झाल्या. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी लागू केली. त्याला उत्तर म्हणून पोलंडने ७ जुलै २०२५ पासून जर्मनी आणि लिथुआनियाच्या सीमांवर तपासणी सुरू केली. युरोपच्या बहुतेक देशांत स्थलांतर हा निवडणुकीचा सर्वांत तापलेला विषय आहे आणि सीमेवर उभा केलेला पोलीस हा मतदाराला दिसणारा सर्वांत सोपा पुरावा आहे. तपासणीने स्थलांतर खरोखर किती रोखले जाते, याबद्दल युरोपातच मतभेद आहेत. पण ती काढून घेण्याचे राजकीय धैर्य सध्या फारसे कोणाकडे दिसत नाही.

पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? रस्त्यावर पूर्वीसारखी फाटके नाहीत, लांबच लांब झडती नाही. पण बुडापेस्टहून व्हिएन्नाकडे किंवा प्रागहून ड्रेस्डेनकडे जाणाऱ्या गाडीत पोलीस चढू शकतात आणि पासपोर्ट मागू शकतात. तेव्हा 'आतला प्रवास आहे' म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून एका दिवसाच्या फेरीला निघणे शहाणपणाचे नाही. बसने जात असाल तर सीमेवर अर्धा-पाऊण तास मोडू शकतो. पुढची गाडी पकडायची असेल तर तेवढी सवड ठेवावी.

शिक्का गेला, यंत्र आले

आतल्या सीमांपेक्षा मोठा बदल बाहेरच्या सीमेवर झाला आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याची जुनी पद्धत मोडून युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून संगणकीय नोंदीची नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू केली. ती सर्वत्र लागू करण्यासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली होती. युरोपबाहेरून येणाऱ्याचा चेहरा टिपला जातो, बोटांचे ठसे तपासले जातात आणि तो केव्हा आत आला, केव्हा बाहेर पडला याची नोंद यंत्र ठेवते. आपण भारतीयांनी ठसे व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच दिलेले असतात. ते तिथे पडताळले जातात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत.

कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा शेंगेनचा नियम जुनाच आहे. पूर्वी अधिकारी शिक्के पाहून बोटांवर दिवस मोजत असे. आता यंत्र मोजते. दहा दिवसांच्या सहलीला या ९० दिवसांचा धोका नाही. पण आपल्या व्हिसावर किती दिवसांच्या मुक्कामाला परवानगी आहे, ते अवश्य वाचावे. परतीचे विमान चुकून एखादा दिवस जास्त झाला तरी त्याची नोंद होते, हे लक्षात ठेवून व्हिसाच्या दिवसांत थोडी मोकळीक मागावी.

दुसरी गोष्ट विमान बदलण्याची. मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे प्रागला जाणाऱ्याची युरोपात प्रवेशाची तपासणी प्रागला होत नाही, फ्रँकफुर्टला होते. पहिले शेंगेन विमानतळ हीच आपली सीमा. नाताळच्या गर्दीत तिथल्या रांगा लांबतात आणि नव्या पद्धतीमुळे पहिल्यांदा येणाऱ्याला जास्त वेळ लागतो. दीड तासात दुसरे विमान पकडण्याचे तिकीट दोन हजार रुपयांनी स्वस्त मिळाले म्हणून घेतले, तर म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असताना ते महागात पडू शकते. मध्ये किमान तीन तास असावेत.

व्हिसाची परीक्षा

युरोपातील लोक भारतात येताना जो अर्ज भरतात तो ऑनलाइन आणि तुलनेने सुटसुटीत आहे. आपल्याला मात्र व्हिसा ही एक परीक्षा द्यावी लागते आणि तिचे शुल्क परत मिळत नाही. २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यांपैकी सुमारे १५ टक्के नाकारले गेले. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी फी ८० युरोंवरून ९० युरो झाली. सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ती ४५ युरो आहे. आई-वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा अशा चौकोनी कुटुंबाचे हे ३१५ युरो झाले. एक युरो शंभर रुपयांचा धरला तरी साडेएकतीस हजार. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्यविमा वेगळा. व्हिसा नाकारला तर फी बुडाली आणि विमानाचे तिकीट परत न मिळणारे असेल तर तेही बुडाले. मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने खरी जोखीम इथे आहे.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यातही अनेकांची फसगत होते. नियम साधा आहे. ज्या देशात सर्वाधिक रात्रींचा मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्या देशाकडे. 'अमुक देश लवकर व्हिसा देतो' असे ऐकून तिथे अर्ज करायचा आणि मुक्काम भलतीकडे करायचा, ही क्लृप्ती अंगाशी येऊ शकते. आपल्या उदाहरणात प्रागला तीन रात्री, व्हिएन्नाला चार, बुडापेस्टला तीन आणि ब्राटिस्लाव्हाला व्हिएन्नाहून जाऊन-येऊन एक दिवस असा बेत असेल, तर अर्ज ऑस्ट्रियाकडे करायला हवा. बेत जितका सरळ, तितका तो कागदावर पटवून देणे सोपे. दहा दिवसांत सात देशांचा तक्ता पाहून अधिकाऱ्याच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात. काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. हंगामात केंद्रावर भेटीची वेळच मिळत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. तेव्हा डिसेंबरच्या सहलीची तयारी गणपतीपूर्वीच झालेली बरी. दिवाळीनंतर सुरू केली तर उशीर होण्याची शक्यता दाट. एक दिलाशाची गोष्ट म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम काहीसे सैल केले. मागील तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरणाऱ्याला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे सीमा एकीकडे आखडते आहे आणि दुसरीकडे नेमाने येणाऱ्या, खर्च करणाऱ्या पाहुण्यासाठी उघडतेही आहे. निर्वासितासाठी भिंत आणि पर्यटकासाठी दार, अशी ही दुहेरी नीती आहे. आपण त्यातल्या दाराने जाणारे आहोत, हे विसरू नये.

बाजार उठल्यावर पोचणारे पाहुणे

हिवाळ्यात मध्य युरोपात जायचे मुख्य आकर्षण म्हणजे नाताळचे बाजार. चौकात लाकडी दुकाने, दिव्यांच्या माळा, दालचिनीचा वास, मुलांसाठी फिरते घोडे. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ सालापासून भरतो. मात्र या बाजारांची वेळ आपल्या सुटीशी जुळत नाही, ही बाब जाहिरातीत बारीक अक्षरांतही नसते. हे बाजार नाताळची तयारी करण्यासाठी असतात, म्हणून ते नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि जर्मनीतील बहुतेक २४ डिसेंबरपर्यंत आवरले जातात. व्हिएन्नाच्या नगरभवनासमोरचा प्रसिद्ध बाजार २६ डिसेंबरपर्यंत चालत आला आहे. आपल्या शाळांना सुटी लागते २४-२५ डिसेंबरला. २६ तारखेला ड्रेस्डेनमध्ये उतरणाऱ्या कुटुंबाला रिकामा चौक आणि दुकाने उतरवणारे कामगार दिसतील.

यावर दोन उपाय आहेत. प्रागच्या जुन्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो, व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यासमोरचाही अलीकडे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो आणि बुडापेस्टचे मोठे बाजार वर्षअखेरपर्यंत टिकतात. म्हणून डिसेंबरच्या अखेरीस जाणाऱ्यांसाठी जर्मनीपेक्षा हीच शहरे बरी. दुसरा उपाय म्हणजे ज्यांना शाळेचे बंधन नाही अशा निवृत्त जोडप्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. तेव्हा बाजार भरात असतात आणि हॉटेलेही वर्षअखेरच्या मानाने स्वस्त असतात.

२४ डिसेंबरची संध्याकाळ हा तिथला घरगुती सण. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठ जशी एकाएकी ओस पडते, तसेच तिथे होते. दुपारनंतर दुकाने बंद, बुडापेस्टमध्ये ट्राम-बसची वाहतूकही आटोपती घेतली जाते. २५ आणि २६ या दोन्ही दिवशी चारही देशांत सार्वजनिक सुटी असते. शाकाहारी कुटुंबाने २३ तारखेलाच दूध, पाव, फळे घेऊन ठेवावीत. घरून नेण्याच्या डब्याबाबतही एक नियम आहे. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढे-बर्फी घरीच राहू द्यावी. चिवडा, भडंग, मेतकूट खुशाल न्यावे.

दिवसही लहान असतो. डिसेंबरच्या अखेरीस बुडापेस्टमध्ये दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळलेला असतो. उजेड जेमतेम साडेआठ तास. पारा शून्याच्या आसपास, पण बर्फ पडेलच याची खात्री या शहरांत देता येत नाही. एका दिवशी सकाळी एक शहर आणि दुपारी दुसरे, असा उन्हाळी तक्ता हिवाळ्यात लागू केला की दुसरे शहर अंधारातच पाहावे लागते.

बाजारांवर आणखी एक सावट आहे. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घुसवण्यात आला. २० डिसेंबर २०२४ रोजी माग्डेबुर्गच्या बाजारात एकाने मोटार घातली आणि सहा जणांचा बळी गेला. तेव्हापासून बाजाराच्या तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे आणि पोलीस हे नेहमीचे दृश्य झाले आहे. या बंदोबस्ताचा खर्च न परवडल्याने जर्मनीतील काही लहान गावांना बाजार रद्द करावे लागले. घाबरून जाणे रद्द करावे असे यात काही नाही. पण मोकळेपणाचा हा सणही आता पहाऱ्यात होतो, ही वस्तुस्थिती आहे.

पाहुणे झाले उदंड

युरोपला पर्यटक हवे आहेत, पण इतके नकोत, अशी आता तिथल्या अनेक शहरांची अवस्था आहे. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. थट्टेचा भाग सोडला तर मागणी गंभीर होती. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घरे गेली की तिथल्या माणसाला परवडणारे घर उरत नाही. बार्सिलोनाने पर्यटकांसाठीच्या १०,१०१ घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवण्याचे जाहीर केले. बुडापेस्टच्या सहाव्या प्रभागाने १ जानेवारी २०२६ पासून अशा अल्पमुदतीच्या भाड्यांवर बंदी घातली. ॲमस्टरडॅमने २०२४ पासून हॉटेलच्या दरावर साडेबारा टक्के पर्यटन कर लावला. व्हेनिसने त्याच वर्षी एका दिवसासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क सुरू केले. मात्र आतापर्यंत ते वसंत आणि उन्हाळ्यातील ठरावीक दिवसांपुरतेच घेतले गेले आहे, हा हिवाळी प्रवाशाचा फायदा.

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाने तर जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या प्रौढ प्रेक्षकांसाठी तिकीट २२ युरोंवरून ३२ युरो केले. यावर आपण रागवावे की नाही, हा प्रश्नच आहे. ताजमहाल पाहायला भारतीयाला ५० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ११०० रुपये, हा न्याय आपण वर्षानुवर्षे चालवत आलो आहोत.

शहरे किती, दिवस किती

२००२ साली युरोच्या नोटा हातात आल्या तेव्हा एक युरो ४३ रुपयांच्या आसपास होता. २०२५ साली त्याने शंभरी ओलांडली. परदेशी सहलींच्या पॅकेजवर आपल्याकडे आधी कापला जाणारा टीसीएस २०२६ च्या अर्थसंकल्पात सरसकट दोन टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्याआधी तो दहा लाखांपर्यंत पाच आणि त्यापुढे वीस टक्के होता. ही रक्कम प्राप्तिकरात वळती होते, पण तोवर ती अडकून पडते. आपल्या चार शहरांपैकी व्हिएन्ना आणि ब्राटिस्लाव्हात युरो चालतो, प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट लागतो. कार्ड देताना यंत्र 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारते. तिथे स्थानिक चलन निवडावे, कारण रुपयांचा दर बहुधा महाग लावलेला असतो.

या सर्वांचा मेळ घातला तर एकच गोष्ट पुढे येते. सीमा सैल होत होत्या, युरो स्वस्त होता आणि पाहुण्यांचे स्वागत होत होते, त्या काळात दहा दिवसांत सात देश हा हिशेब एक वेळ चालून जात होता. आता प्रत्येक वाढीव शहरामागे तपासणीची एक शक्यता, कराचा एक आकडा, सामान उचलण्याची एक फेरी आणि हिवाळ्यातल्या मोजक्या उजेडातला अर्धा दिवस खर्ची पडतो. तीन मुक्काम आणि एक दिवसाची फेरी एवढ्यावर थांबणारे कुटुंब कमी पाहते असे नाही. प्रागला उतरून बुडापेस्टहून परतणारे तिकीट घेतले तर उलटा प्रवासही वाचतो. बुडापेस्टचे सेचेन्यी स्नानगृह हिवाळ्यातच पाहावे. बाहेर गोठवणारी थंडी आणि उघड्यावरच्या कुंडात गरम पाणी. लहान मुलांसाठी नियम वेगळे असल्याने आधी चौकशी करावी. गेलेर्ट हे दुसरे प्रसिद्ध स्नानगृह मात्र ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद असून ते २०२८ साली उघडणार असल्याचे जाहीर झाले आहे. जुन्या माहितीपुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि मुले बरोबर असतील तर व्हिएन्ना–ब्राटिस्लाव्हा हा एक तासाचा प्रवास सहलीतून वगळू नये. पाहण्याच्या जागांच्या यादीत ब्राटिस्लाव्हा खालच्या क्रमांकावर असेल. पण गाडी सीमा ओलांडेल तेव्हा बाहेर शेतांखेरीज काही दिसत नाही, हे मुलांना दाखवावे. इथे काटेरी तारा होत्या, त्या माणसांनी कापल्या, आणि आज काही माणसे त्या वेगळ्या रूपात पुन्हा उभारू पाहत आहेत, एवढे त्यांना सांगावे. पोलीस डब्यात आलाच तर पासपोर्ट मुलांनाच दाखवू द्यावा.